फासा ज्याचा त्याचा, पट सगळ्यांचा

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. या दिवशी शंकर-पार्वतीने सारीपाट मांडला, शंकर सर्वस्व हरले आणि पार्वती जिंकली, अशी पुराणकथा आहे. त्या कथेचा आधार घेऊन कित्येक घरांत आजही पाडव्याला एखादा डाव होतोच. वेरूळच्या १४, २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत हा देवदांपत्याचा खेळ दगडात कोरलेला आहे. देवाघरचा पट, घरातच खेळणारे दोघे. तिथे फासे कोणाचे, हा प्रश्न निघाला नसावा. माणसांच्या डावात मात्र तो फार जुना आहे आणि आता नव्याने पुढे आला आहे. त्याला निमित्त झाले ते भूमिका घेऊन खेळायच्या टेबलावरच्या खेळांचे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे त्याने घराघरांत नेले, आणि त्याबरोबर एक रीतही रुजवली: प्रत्येक खेळाडूने आपापले फासे घेऊन यायचे. आपल्याकडे लूडोच्या खोक्यात एकच फासा असतो, तो हातोहात फिरतो. इथे पाच जण बसले की टेबलावर पाच जणांच्या पाच थैल्या. कोणाचे फासे काचेसारखे पारदर्शक, कोणाचे धातूचे, कोणाचे झिजून गोल झालेले. मग एखाद्याला सारखे मनासारखे दान पडू लागले की दुसऱ्याच्या मनात शंका येते, आणि ती बोलून दाखवावी की गिळावी हे कळत नाही. या लेखाचा विषय तेवढाच आहे. आपला फासा आणायला हरकत नाही. पण टेबलावर आलेला फासा बसलेल्या सगळ्यांना टाकता आला पाहिजे, आणि ज्याला ते मान्य नसेल त्याने तो थैलीतच ठेवावा, असे माझे म्हणणे आहे. निर्दोष फासा शोधत बसण्यापेक्षा ही एक अट पाळणे सोपे आहे आणि न्यायालाही धरून आहे.

फाशांच्या न्याय-अन्यायाची सगळ्यात गाजलेली विदर्भाशी जोडलेली कथा नल-दमयंतीची. दमयंती विदर्भराज भीमाची मुलगी, राजधानी कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडिण्यपूर म्हणजेच ते कुंडिनपूर, असे परंपरा मानते. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. महाभारताच्या वनपर्वातल्या या कथेत नल आपल्या भावाशी, पुष्कराशी, खेळतो. कली नलाच्या अंगात शिरलेला आहे आणि द्वापर फाशांमध्ये. कित्येक महिने डाव चालतो आणि नल राज्य हरतो. पुढे बाहुक या नावाने तो ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. कुंडिनपूरच्या वाटेवर ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाच्या दोन फांद्यांवरची फळे नजरेने मोजून दाखवतो, २०९५. नल उतरून मोजतो, तर तेवढीच निघतात. मग ऋतुपर्णाकडून त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या मिळते. झाड बेहड्याचेच का, तर त्या काळी बेहड्याची फळे हेच फासे होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले ३४ वे सूक्त जुगाऱ्याचे आहे, त्यातले फासेही बेहड्याचेच. जर्मन संस्कृतज्ञ हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०७ मध्ये प्राचीन भारतीय द्यूतावर ग्रंथ लिहिला. तेव्हापासून सामान्यतः असे मानतात की या खेळात फळांचा मोठा ढीग असे, खेळाडू त्यातून मूठभर उचलत, आणि चार-चारच्या गटांनी मोजल्यावर शिल्लक काय राहते यावर कृत, त्रेता, द्वापर, कली ही दाने ठरत. त्या ढिगातले एकही फळ कोणा एकाचे नसे. साधन समाईक होते आणि हार-जीत मोजण्याच्या तल्लखपणावर होती. असा समाईक फासा एकाच्या बाजूने झाला तर सामान्य उपाय चालत नाही, म्हणूनच कथाकाराला फाशांत देवता घालावी लागली. शेवटी नल पुष्कराला पुन्हा बोलावतो आणि एका दानात सगळे परत जिंकतो. आपण त्याच्या बाजूने असल्यामुळे आपल्याला ते गोड वाटते. पण हा डावही बरोबरीचा नव्हता, कारण आता गुपित नलाच्या हाती होते. सामान तेच राहिले तरी त्याचे मर्म एकालाच ठाऊक असले तर डाव कलतो. आपल्या घरच्या फाशाचा खरा आक्षेप इथूनच सुरू होतो, कारण तो कसा पडतो हे मालकाइतके कोणाला माहीत नसते.

सभापर्वातली द्यूतसभा याच्या पुढची पायरी आहे. शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते, ही गोष्ट महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीत ती नाही. त्या आवृत्तीतले सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केले. त्यात हाडांच्या जादूची गरजच पडलेली नाही. लबाडी सगळी मांडणीत आहे. पैज दुर्योधनाने लावायची आणि खेळायचे शकुनीने. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणे बरोबरीचे नाही, असे युधिष्ठिर तेव्हाच स्पष्ट बोलतो, आणि तरीही बसतो. मग प्रत्येक वेळी युधिष्ठिर पैज सांगतो, शकुनी फासे घेतो आणि जिंकलो म्हणतो. युधिष्ठिराने फासे हातात घेतल्याचे वर्णन त्या डावात येत नाही. लोककथेने हाडांचे फासे कल्पून दोष वस्तूत घातला, मूळ कवीने तो व्यवस्थेत दाखवला होता. एकाच हाताने फासे उचलायचे, त्याच तोंडाने निकाल सांगायचा, दुसऱ्याने फक्त गमवायचे. एवढे जमवले की फासे कितीही निर्मळ असले तरी डाव मेलेला असतो. आजच्या टेबलावरही पाहावे ते हेच. फासा कशाचा केला आहे यापेक्षा तो कोण टाकतो, कोण बघतो आणि दुसऱ्याला तो मागता येतो का, हे महत्त्वाचे.

प्राचीन राज्यव्यवस्थेने यावर काढलेला उपाय आजही विचार करण्याजोगा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटी द्यूतावर प्रकरण आहे. द्यूताध्यक्षाने खेळ एकाच जागी चालवावा, दुसरीकडे खेळणाऱ्याला १२ पण, म्हणजे तेव्हाची नाणी, दंड. कवड्या आणि फासे अध्यक्षाने पुरवायचे. ते बदलून दुसरे ठेवले तर १२ पण दंड, खोटा डाव केला तर त्याहून मोठा दंड आणि जिंकलेले परत. अध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ घ्यावे, शिवाय फाशांचे, जागेचे आणि पाण्याचे भाडे. फासे घरचे नकोत, अड्ड्याचे हवेत, हा त्यातला सरळ हिशेब. याज्ञवल्क्य स्मृतीत तर खोट्या फाशांनी खेळणाऱ्याला खूण करून हद्दपार करायला सांगितले आहे. पण मला अधिक मोलाचे वाटते ते कौटिल्याचे आधीच्या आचार्यांशी झालेले भांडण. द्यूताच्या तंट्यात जिंकणाऱ्याला कमी आणि हरणाऱ्याला जास्त दंड करावा, कारण हरणाऱ्याला हार सोसत नाही, असे आचार्यांचे मत. कौटिल्य म्हणतो, नाही. हरणाऱ्याचा दंड वाढवला तर राजाकडे कोणी येणारच नाही. खेळणारे बहुधा लबाड असतात असेही तो सांगून टाकतो, पण त्याचा उपाय तक्रारदाराचे तोंड दाबणे हा नाही, चांगले फासे आपण पुरवणे हा आहे. हरलेल्याने शंका काढली की ‘रडीचा डाव’ म्हणून हसायची आपली सवय आहे. ती सवय म्हणजे कौटिल्याने नाकारलेला तो जास्तीचा दंडच.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कायद्याने याच्या उलट टोक गाठले. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा ज्या प्रांतांसाठी झाला त्यांत मध्य प्रांत होता, आणि वर्धा जिल्हा त्या प्रांतात पाचच वर्षांपूर्वी, १८६२ मध्ये, नागपुरापासून वेगळा झाला होता. या कायद्यात जुगारअड्ड्याची व्याख्याच मुळी अशी की, जागेच्या मालकाने किंवा चालवणाऱ्याने स्वतःच्या फायद्यासाठी जिथे पत्ते, फासे किंवा खेळाची इतर साधने ठेवली तो अड्डा. कौटिल्याला हवा असलेला फासे पुरवणारा घरमालक इथे गुन्हेगार ठरला. आज राज्यात १८८७ चा कायदा चालतो, त्याचाही रोख असाच आहे. केवळ कौशल्याचे खेळ तेवढे तो वगळतो. कौटिल्याचा आणि इंग्रजांचा, दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघांचे भय एकच. साधन ज्याच्या ताब्यात, फायदा त्याच्याकडे झुकण्याची शक्यता. कौटिल्याने त्यावर अध्यक्षाची नजर बसवली, इंग्रजांनी दारच बंद केले. पैसे न लावता मित्रांत चालणाऱ्या खेळाला यातले काहीच लागू नाही, तिथे अध्यक्ष नाही आणि पोलीसही नाही. म्हणून तिथे नियमाचे काम रीतीने करायचे असते.

आपल्या घरगुती खेळांत ती रीत होती. सारीपाटाचा कापडी पट, सोंगट्या आणि लांबट फासे एकत्र गुंडाळून ठेवलेले असत. फाशांच्या चार लांब बाजूंवर १, २, ५ आणि ६ असे ठिपके. घरी खेळायला आलेला गडी घरचेच फासे टाकी. गावाकडचा चौकोनी पट तर याहून साधा. जमिनीवर खडूने किंवा कोळशाने आखलेली घरे, आणि फाशांच्या जागी चिंचोके. चिंचोका जात्याच्या दगडावर किंवा उंबऱ्यावर उभा धरून हलका ठोका दिला की त्याची दोन दले होतात: एक अंग पांढरे सपाट, दुसरे तपकिरी, गुळगुळीत, फुगीर. अशी चार दले ओंजळीत खुळखुळवून टाकायची आणि किती पांढरी वर आली ते मोजायचे. चारही पांढरी तर चार, चारही काळी तर आठ. शास्त्रीय दृष्टीने चिंचोका म्हणजे अत्यंत वाईट फासा. दल पांढऱ्या अंगावर जितके सहज पडेल तितके फुगीर अंगावर पडत नाही, आणि चार दले सारखी फुटत नाहीत. तरीही त्या खेळात फाशांवरून भांडण लागत नाही. घर मोजण्यावरून लागते, हात लवकर उचलण्यावरून लागते, फाशावरून नाही. कारण तीच चार दले सगळ्यांच्या ओंजळीतून जातात. वाकडेपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो, म्हणजे तो खेळाचा स्वभाव होतो, कोणाचा फायदा होत नाही.

नवे फासे यापेक्षा किती चांगले, हे जवळून पाहण्यासारखे आहे. लूडोच्या स्वस्त फाशात ठिपके कोरलेले असतात. सहाच्या बाजूला सहा खळगे, म्हणजे तिथे माल सगळ्यांत कमी. समोरच्या एकच्या बाजूला एकच खळगा, म्हणजे ती जड. जड बाजू खाली बसण्याकडे कल, म्हणून सहा किंचित जास्त. हा नुसता तर्क नाही. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. एफ. आर. वेल्डन यांनी १२ फासे एकदम टाकून २६,३०६ वेळा मोजणी केली आणि १८९४ मध्ये ती कळवली. एकूण ३,१५,६७२ दानांत पाच किंवा सहा आले १,०६,६०२ वेळा, म्हणजे ०.३३७७, यायला हवे होते ०.३३३३. कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये काय-वर्ग कसोटी मांडली तेव्हा हीच आकडेवारी वापरली, आणि फासे समतोल नाहीत असे निघाले. वीस बाजूंच्या फाशात आणखी खाचाखोचा आहेत. रेझिनमध्ये हवेचा बुडबुडा राहतो. कडा गोल करण्यासाठी फासे यंत्रात घोळले की सगळ्या बाजू सारख्या झिजतातच असे नाही. कारागिरांनी मात्र आकडे मांडताना एक शहाणपण केले आहे. नेहमीच्या फाशात २० च्या शेजारी २, ८ आणि १४ असतात, आणि समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज २१. त्यामुळे फासा एका अंगाला कलला तरी मोठे-लहान आकडे मिसळून येतात. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात गुण मोजायला जो वीस बाजूंचा ठोकळा मिळतो त्यात २०, १९, १८ असे आकडे ओळीने शेजारी असतात. दिसायला दोन्ही सारखे. पण दुसऱ्यात सगळे मोठे आकडे एका बाजूला गोळा झालेले, म्हणून किंचित कल असला किंवा हाताला सवय झाली तर मोठे दान सहज मिळते. असा ठोकळा फासा म्हणून वापरू नये, हे बहुतेक टेबलांवर मान्य आहे, आणि योग्य आहे.

मग प्रत्येकाचा फासा तपासून घ्यावा का? पहिल्यांदा सुचतो तो हाच उपाय, आणि तो निकामी आहे. मिठाच्या दाट पाण्यात फासा तरंगवून टिचकी मारायची, पुन्हापुन्हा एकच बाजू वर आली तर तो वजनात वाकडा, ही चाचणी अनेकांना ठाऊक असते. ती मोठा दोष पकडते, बारीक पकडत नाही, आणि धातूचा फासा तर बुडतोच. आकडे मोजून पकडावे म्हटले तर गणित आडवे येते. वीस बाजूंच्या निर्दोष फाशावर १०० दानांत २० सरासरी पाचदा यावा. पण तो ९ किंवा अधिक वेळा येण्याची शक्यताही शेकडा सहाच्या आसपास आहे. टेबलावर पाच जण असतील तर त्यांतल्या एकाला तरी असा सुकाळ होण्याची शक्यता शेकडा २८. म्हणजे सगळे फासे निर्दोष असतानाही कोणीतरी एक जण सहज संशयित ठरू शकतो. उलट एखादा फासा शंभरात पाचाऐवजी सहा वेळा २० देत असेल, तर ते खात्रीने सांगायला काही हजार दाने हवीत, आणि तोवर कित्येक महिन्यांचा खेळ होऊन जातो. डोळ्यांनी दिसणारे नशीब पुरावा नसते आणि खरा दोष डोळ्यांना दिसत नाही. या दोन्हींच्या मध्ये मैत्री सापडते. म्हणून फाशाची पारख करत बसण्यापेक्षा तो सगळ्यांच्या हाती जाऊ द्यावा, म्हणजे पारखायचे कारणच उरत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. खेळाडू स्वतःचे साहित्य आणतात यात नवीन काय? कॅरमपटू आपला स्ट्रायकर आणतो, फलंदाज आपली बॅट आणतो. आणतोच, पण कॅरमच्या नियमांत स्ट्रायकरचा व्यास ४.१३ सेंटिमीटरपेक्षा आणि वजन १५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, हस्तिदंती किंवा धातूचा तर मुळीच नाही. पट्टी आणि तराजू घेतला की दोन मिनिटांत निकाल. शिवाय स्ट्रायकर कितीही उत्तम असला तरी सोंगटी खिशात घालतो तो हात. बॅटचे तसेच. १९७९ मध्ये पर्थला डेनिस लिली अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला आणि वाद झाला, पण बॅट काय आहे हे सगळ्या मैदानाला दिसत होते. फाशाचे काम वेगळे. तो कौशल्य दाखवण्यासाठी नाहीच. हाताला त्यात काही करता येऊ नये हीच त्याची लायकी. क्रिकेटने हा भेद फार नीट ओळखला आहे. बॅट ज्याची त्याची, पण चेंडू दोन्ही संघांना पंचांच्या ताब्यातला. आणि नाणेफेकीत तर यजमान कप्तान नाणे उडवतो आणि छापा की काटा हे पाहुणा सांगतो. नाणे कोणाचे याला मग अर्थच राहत नाही, कारण उडवणाऱ्याला बोलता येत नाही आणि बोलणाऱ्याला उडवता येत नाही. कौशल्याचे हत्यार खासगी असू शकते, नशिबाचे साधन समाईकच हवे, किंवा निदान त्यावर दुसऱ्याचा हक्क हवा.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे. मित्रांमध्ये फासा मागणे म्हणजे संशय घेणे, आणि खेळ तर मौजेसाठी. हा आक्षेप मी हलका मानत नाही. संशयाने टेबल उठते हे खरे. पण अपमान होतो तो मध्येच, एकाकडे बोट दाखवून मागितल्याने. डावाच्या आधी सगळ्यांना लागू असा नियम ठरला की त्यात कोणाचेच नाव नसते. पत्ते पिसल्यावर शेजाऱ्याने काटायचे असतात. काटायला पुढे केलेला गठ्ठा पाहून पिसणारा कधी रागावत नाही. हिंगणघाटच्या कापूस बाजारात माल मोजायला परवानाधारक मापारी लागतो, म्हणून कोणी प्रत्येक व्यापाऱ्याला काटा मारणारा म्हणत नाही. उलट मापाऱ्यामुळेच सरळ व्यापाऱ्यावरचे किटाळ टळते. फाशाचा नियमही प्रामाणिक खेळाडूच्याच फायद्याचा. त्याला सलग तीनदा २० पडले तर तो फासा पुढे सरकवून ‘घे, तूच टाक’ म्हणू शकतो, आणि प्रश्न तिथेच मिटतो.

तिसरा आक्षेप अधिक बारकाईचा. भूमिकेच्या खेळात सगळे एकाच बाजूचे असतात; राक्षस मारला तर सगळ्यांचाच फायदा, मग एकाचा फासा वाकडा असला म्हणून कोणाचे गेले काय? गेले ते आकड्यांत मोजता येत नाही. अशा खेळात बक्षीस असते ते महत्त्वाच्या क्षणी आपल्या पात्राने काहीतरी करून दाखवण्याचे. पाचांतल्या एकाचे दान कायम चढे असेल तर हळूहळू कथा त्याच्या एकट्याची होते आणि उरलेले चौघे त्याच्या पालखीचे भोई होतात. शिवाय खेळ चालवणारा, ज्याला डीएम म्हणतात, त्या दानांवरून पुढचे संकट ठरवतो. संकट वाढले की ते सगळ्यांच्या अंगावर येते. डीएम स्वतः आडोशामागे फासे टाकतो, हे मात्र वेगळे. त्याला तो अधिकार सगळ्यांनी मिळून दिलेला असतो आणि त्याला जिंकायचे नसते. खेळाडूने हाताआड टाकून आकडा तोंडी सांगणे त्या सवलतीत बसत नाही.

चौथा आक्षेप फाशांवर जीव असणाऱ्यांचा. आपला फासा दुसऱ्याने हाताळला की त्याचे नशीब जाते, असे मानणारे पुष्कळ आहेत. वाईट पडलेला फासा शिक्षा म्हणून डबीत कोंडून ठेवणारेही आहेत. या श्रद्धेला हसायचे कारण नाही, ती खेळाच्या मजेचाच भाग आहे. पण ती दुसऱ्यावर लादता येत नाही. दुसऱ्याच्या हाती द्यायचा नसेल तर तो फासा समोर शोभेला ठेवावा आणि दान समाईक फाशाने टाकावे. इथे एकच खरा अपवाद आहे. दृष्टिहीन खेळाडूला ठसठशीत उठावाचे फासे लागतात, हात थरथरणाऱ्याला मोठे लागतात. ते फासे त्याचेच राहतील. मात्र त्या टेबलावर दुसऱ्यालाही ते टाकता आले की अपवाद आणि नियम एकाच रांगेत बसतात. आणि मोबाइलवरचा फासा? तो हाताळता येत नाही म्हणून निर्दोष वाटतो, पण त्याच्या पोटात काय आहे हे टेबलावरच्या कोणालाच दिसत नाही. लूडो कौशल्याचा की नशिबाचा, हा ॲपवरच्या खेळाचा वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ॲप वापरायचेच तर एकाच फोनवर, सगळ्यांसमोर, सगळ्यांसाठी एकच वापरावे. तत्त्व तेच राहते.

या तत्त्वाला रीतीचे रूप देणे अवघड नाही. इतरांनी ते केलेले आहे. बॅकगॅमनच्या स्पर्धांत कोणीही खेळाडू डाव सुरू होताना फासे मिसळण्याची मागणी करू शकतो. चारही फासे एकत्र टाकायचे, एकाने एक उचलायचा, मग दुसऱ्याने, असे आळीपाळीने वाटून घ्यायचे. कोणी कोणाचे फासे आणले हे त्यानंतर विरून जाते. हाताच्या करामतीवर रोमन लोकांनी मनोरा शोधला होता. वरून टाकलेला फासा आतल्या तिरप्या फळ्यांवर आपटत खाली येतो. चौथ्या शतकातला असा एक धातूचा मनोरा १९८५ मध्ये जर्मनीत सापडला. आपल्या घरगुती टेबलाला एवढी साधने नकोत. एक उथळ ताट पुरे: फासा ताटात पडला तर दान, बाहेर गेला किंवा कडेला टेकून तिरपा राहिला तर पुन्हा. आकडा सगळ्यांनी पाहिल्याशिवाय उचलायचा नाही. टाकण्याआधी कोणता फासा ते सांगायचे. दोन टाकून बरा तो धरायचा नाही. ओळीने आकडे असलेला ठोकळा चालणार नाही. आणि सगळ्यांत वर ती एक अट: ज्याला हवा त्याने मागावा, ज्याचा आहे त्याने द्यावा.

मालकी मालकाची आणि वापर सगळ्यांच्या हितासाठी, हा विचार वर्ध्याला शिकवावा लागत नाही. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला आले. संपत्तीच्या मालकाने स्वतःला विश्वस्त समजावे, हे ते सांगत राहिले, आणि त्या विचाराचे उदाहरण म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते जमनालाल बजाज वर्ध्याचेच. सात फाशांच्या थैलीला एवढा मोठा विचार जोडणे कोणाला अतिरेक वाटेल. पण विश्वस्तपणावर नेहमीचा आरोप असा की तो मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहतो, आणि मर्जी कधीही फिरते. खेळाच्या टेबलावर हा आरोप टिकत नाही, कारण तिथे मर्जी फिरली की लगेच दिसते: मागितलेला फासा मालकाने मुठीत आवळला. त्या क्षणी कोणाला दोषी ठरवायची गरज नाही, मिठाचे पाणी नको आणि हजारो दानेही नकोत. तो फासा बाजूला ठेवायचा, समाईक फासा ताटात टाकायचा आणि डाव पुढे न्यायचा.